भाचीची उंची 156, जीडीला 157 लागते. इंदूरमध्ये तयारी कुठे करावी?

सुदामानगरची_मावशी: भाचीला (वय 20) बीएसएफमध्ये जायचंय. एसएससी जीडीला, म्हणजे केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीला, मुलींना 157 सेंमी लागतात. ही स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, डोक्यावर पट्टी धरून मोजली तर 156. भंवरकुआंला सहा हजारांत मैदानाची तयारी कोण करून घेतं? आणि उंचीचं काही होतं का?

पागनीसपागा: आमच्या मुलाला 22 हजारांचा क्लास लावला, हॉस्टेल वेगळं. पैशाकडे बघू नका.

रामबागवाला: लागला का मग?

पागनीसपागा: छातीत अडकला. फुगवून 5 सेंमी वाढायला हवी, 4 वाढली. पण क्लास उत्तम.

लोकमान्यनगर_72: रोज दांडीला लटका. मी चाळीस वर्षं लटकतोय.

रामबागवाला: काका, तुम्ही पाच फूट तीन!

लोकमान्यनगर_72: पाठ तरी दुखत नाही.

माजी_फौजी: या वयात उंची वाढवायच्या पावडरी म्हणजे पैसे पाण्यात. सकाळी माणूस सेंटीमीटरभर उंच भरतो, संध्याकाळपर्यंत मणके दबतात. सकाळी मोजा, अनवाणी. दुसरं म्हणजे, जीडीत गढवाली, कुमाऊनी, डोग्रा, मराठा यांना सवलत आहे. मुली 155, मुलं 165. दाखला लागतो.

पागनीसपागा: मग झालंच की! आपण सगळे मराठीच.

माजी_फौजी: मराठा लिहिलंय, मराठी नाही.

पागनीसपागा: होळकरांपासून इथे आहोत आम्ही.

रामबागवाला: होळकर धनगर होते, भिया.

नारायणबाग: मुलींना 1.6 किमी साडेआठ मिनिटांत, मुलांना 5 किमी 24 मिनिटांत. पगार मात्र सारखा. वा!

खाकीवाली: रात्री दोनला बाईची झडती घ्यायची असली की मलाच उठवतात, कायद्याने पुरुषाला हात लावता येत नाही. तेव्हा माझी उंची कोणी विचारत नाही. मावशी, एमपी पोलिसात मुलींना 155 चालते, तो फॉर्म भरा. क्लास कशाला? आम्ही चौघी पहाटे चिमणबागेत पळतो, पाठवा तिला.

लोकमान्यनगर_72: मीही हेच म्हणणार होतो. एमपी पोलीस.

पागनीसपागा: एमपी पोलीस बेस्ट.

रामबागवाला: गार्डच्या नोकरीत, पसारा म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याच्या नियमांत, बायकांना 150 पुरे. ट्रेनिंग 160 तासांचं. पण मी केलंय ते काम. बारा तास उभं राहायचं, जरा टेकलो की सुपरवायझरचा फोन. पाय असे सुजायचे की घरी आल्यावर मोजा पोटरीत रुतलेला असायचा. मुलीला नका घालू.

सुदामानगरची_मावशी: सकाळी सहाला पुन्हा मोजली, 156.7. खाकीवाली ताईंचं मला पटलं होतं. पण आमच्या भाची मॅडमनी परस्पर जीडीचाच फॉर्म भरला, सवलतीचा रकाना सोडून. म्हणते, उरलेले तीन मिलीमीटर माझ्याकडे लागले. चिमणबागेत सोमवारपासून येते. क्लासच्या पैशांतले साडेतीन हजार बुटांत गेले.

माजी_फौजी: बूट काढूनच मोजतात.

सुदामानगरची_मावशी: पळायला घेतलेत हो!

पागनीसपागा: कोणत्या दुकानातून घेतले?