डक्टचा माथा एका लेव्हलला हवा असेल तर
रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) रेड्युसरनंतर, म्हणजे मोठा डक्ट लहान डक्टला जोडणाऱ्या तुकड्यानंतर, डक्टचा (एसीची हवा नेणाऱ्या चौकोनी नळीचा) माथा बीमच्या तळापासून का सुटतो, असा प्रश्न पडतो. तो बिघाड नाही. जस्टिफिकेशन (आकार बदलताना डक्टची कुठली बाजू एका रेषेत ठेवायची ते) सेंटर-मिडल असेल तर ६०० बाय ४०० मिमीचा (रुंदी बाय उंची) ४५० बाय ३०० केला की माथा ५० मिमी उतरतो, तळ तेवढाच चढतो. नवीन काढताना व्हर्टिकल जस्टिफिकेशन आधीच टॉप ठेवा. काढून झालाय? मग एकेका तुकड्याची उंची हाताने बदलत बसू नका, एक फिटिंग सुटलं की पुढची लाइन बोंबलते. अख्खा रन (जोडलेली सगळी डक्ट लाइन) सिलेक्ट करून जस्टिफाय दाबा. कंट्रोल पॉइंटचा (ज्या टोकावरून बाकी रन जुळवायचा त्याचा) बाण एएचयूकडच्या, म्हणजे हवा पुरवणाऱ्या एअर हँडलिंग युनिटकडच्या, टोकाला घ्या, वरच्या ओळीतलं मधलं बटण निवडा आणि फिनिश. फॉल्स सीलिंगवाले मात्र तळ सरळ मागतात, तिथे बॉटम.