मदत हवी आहे: एक्स्टेंटच्या नोंदींसाठी रेड-ब्लॅक ट्री सोडून मेपल ट्री वापरावा का?

नमस्कार. मी फोंड्याहून लिहीत आहे. आमच्या लिनक्स कर्नलमधील फाइलसिस्टिम मॉड्यूलमध्ये एक्स्टेंटच्या (फाइलच्या डिस्कवरील सलग तुकड्यांच्या) नोंदी रेड-ब्लॅक ट्रीमध्ये (स्वतःला संतुलित ठेवणाऱ्या शोधवृक्षात) आहेत. अनेक थ्रेड एकाच वेळी तुकडे झालेली फाइल वाचू लागले की वेग घसरतो, आणि पर्फ या वेळ मोजणाऱ्या साधनात बहुतेक वेळ त्या ट्रीच्या एकमेव स्पिनलॉकवर (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या, बाकीच्यांना ताटकळत ठेवणाऱ्या कुलपावर) जाताना दिसतो. एक्सअ‍ॅरे (निर्देशांकानुसार नोंदी ठेवणारी कर्नलमधील रचना) मी पाहिला, परंतु त्यातील अनेक निर्देशांक व्यापणाऱ्या नोंदींचा आकार दोनाच्या घातात असावा लागतो, आणि आमचे एक्स्टेंट तसे नाहीत. लिनक्स ६.१ मध्ये (२०२२) आलेला मेपल ट्री एकमेकांवर न येणाऱ्या पल्ल्यांसाठीच घडवलेला असून त्यात आरसीयूखाली (बदल चालू असतानाही वाचणाऱ्यांना न थांबवणारी कर्नलची पद्धत) लॉक न घेता वाचता येते, म्हणून मला तोच योग्य वाटतो. मात्र नोंद घालताना त्याला नव्या नोडसाठी मेमरी लागू शकते, आणि आमच्या नोंदी राइटबॅकच्या वेळी (मेमरीतील बदललेला डेटा डिस्कवर लिहिताना), म्हणजे नेमक्या मेमरीच्या टंचाईत बदलतात. अशा वेळी नोड आधीच राखून ठेवणे पुरेसे ठरते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.