सुट्टीच्या दिवशी निवांत जेवायला बसलं की लहानपणच का आठवतं?

दुपारची_झोप:
रोजचं जेवण म्हणजे एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने मोबाइल, काय खाल्लं विचारलं तर सांगता येणार नाही. पण शनिवार-रविवारी घाई नसली की जेवण लांबतं, पोट भरलेलं असतं तरी कोणी उठत नाही, बोलता बोलता हात वाळून जातो आणि मग लहानपणचं काहीबाही आठवायला लागतं. मोठं काही नाही हां, खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकायचे नाहीत ते, किंवा सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही म्हणून मी ताटात बोटाने रेघोट्या ओढत बसायचो ते. गंमत म्हणजे तेव्हा मला त्या लांबलेल्या जेवणांचा भयंकर वैताग यायचा, कधी एकदा सुटतोय आणि खेळायला पळतोय असं व्हायचं. मग आता तेच एवढं गोड का वाटतं? खरंच छान होतं की आपण मागाहून रंग देतोय? तुमचं काय होतं?

नाकासमोर:
यात बराच हात वासाचा आहे. बाकी इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जातात, वासाला तो थांबा नाही, तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत बराच थेट पोचतो. आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं पुष्कळसं वासच असतं, घास चावताना तो घशामागून नाकात चढतो. म्हणून सर्दी झाली की सगळं सपक लागतं. आता दोन मिनिटांत गिळलेल्या घासाचा वास कुठून येणार, सावकाश चावलं तरच येणार ना.

अजून एक म्हणजे शब्द किंवा फोटो दाखवून वयस्क लोकांना जुनं विचारलं तर साधारण 10 ते 30 या वयातलं जास्त निघतं, पण वासाने जागं होणारं बरंचसं 10 वर्षांच्या आतलं असतं असं अभ्यासात दिसलंय. त्यामुळे जेवताना कॉलेज न आठवता खुर्चीवरून लोंबणारे पाय आठवले यात नवल नाही.

शेवटची_पंगत:
सगळं वाचलं, छान आहे, पण एक विचारू का, निवांत कोणासाठी? माझ्या आठवणीतलं रविवारचं जेवण म्हणजे बाहेर हशा आणि आत आई. "आणू का अजून" म्हणत ती दहा वेळा उठणार, आणि सगळे आडवे झाले की मग ओट्याशीच उभी राहून पातेल्याच्या कडा चमच्याने खरवडून तिचं ताट होणार. तो खरवडण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. लहानपणी त्यात काही खटकलं नाही, आईला असंच आवडतं असं वाटायचं!! स्वतःच्या घरात उभं राहून वाढायला लागल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

आता आमच्याकडे सगळी भांडी मधोमध ठेवतो, ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं आणि एकदा बसलं की कोणीही उठायचं नाही, पाणीसुद्धा आधीच आणून ठेवायचं. पदार्थ कमी केले. पाहुण्यांना सुरुवातीला जरा चमत्कारिक वाटतं, वाटू दे.

एकटा_जीव:
वरच्या ताई बोलल्या ते सोळा आणे खरं.

मी एकटा राहतो, त्यामुळे गप्पा वगैरे नाहीत, तरी सुट्टीला फोन दुसऱ्या खोलीत ठेवून नीट ताट वाढून बसतो. पहिली पाच मिनिटं हात शिवशिवतात, मग बरं वाटतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात म्हणतात, घाईत आपण त्याच्या आधीच उठतो किंवा त्याच्या आधीच जास्त हाणतो.

रंग देण्याबद्दल, हो, देतोच. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, दर वेळी काढताना ती थोडी नव्याने जुळवली जाते. मी आणि माझी बहीण एकाच दुपारबद्दल बोलतो तर तिच्या मते मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं आणि माझ्या मते रडत तीच होती. आई म्हणते दोघंही झोपला होतात. पण वैताग वजा करून उरलेलं गोड लागत असेल तर लागू दे की, कोणाचं काय जातं.

दुपारची_झोप:
शेवटची_पंगत, तुमचं वाचून जरा गप्पच झालो. मी आठवायचा प्रयत्न केला तर त्या टेबलाशी काका आहेत, आजोबा आहेत, मी आहे, पण आई कुठे बसायची तेच डोळ्यांपुढे येत नाहीये. फोन करून विचारलं तर म्हणाली, "बसत कुठे होते, दाराजवळ टेकायचे मध्ये मध्ये." पुढच्या रविवारी ती येतेय, तेव्हा तुमचा भांडी-मधोमध प्रकार करून बघतो. आमचा मुलगा तर आत्ताच दर दोन मिनिटांनी "उठू का" विचारतो, त्याला बसवून ठेवायचं की सोडायचं, इथे घरात एकमत नाही.

शेवटची_पंगत:
सोडा त्याला. आणि आई उठायला लागली तर हाताला धरून बसवा, सांगून ऐकणार नाहीत त्या.