पंखांवरचे टायर: नजरबंदी की येडेपणा?

गगनविहारी
२०२३ मध्ये रशियाच्या एंगेल्स हवाई तळाचे उपग्रह फोटो आले तेव्हा जगभर हशा पिकला. टीयू-९५ बॉम्बरच्या पंखांवर चक्क गाड्यांचे टायर रचलेले! वर्षभराने अमेरिकेच्या सेंटकॉमच्या (मध्यपूर्व सांभाळणारी लष्करी कमांड) तेव्हाच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकारी शायलर मूर यांनीच सांगितलं, की असे टायर ठेवले की कॉम्प्युटर व्हिजनच्या (चित्रातली वस्तू ओळखणाऱ्या एआयच्या) बऱ्याच मॉडेलांना विमान ओळखणं अवघड जातं. युक्रेन वापरतं ते स्टॉर्म शॅडोसारखं क्षेपणास्त्र शेवटी समोरचं दृश्य आधी साठवलेल्या चित्राशी ताडून पाहतं. पंखांची रेषाच मोडली की ताळा जुळेना. करोडोंचं तंत्र भंगारवाल्याकडच्या मालाने चकत असेल तर हसायचं कोणाला?

खटपट्या
असहमत. मॉडेलाने टायरवालं विमान कधी पाहिलं नव्हतं, एवढंच. तसे फोटो शिकवा, खेळ खलास. १ जून २०२५ ची युक्रेनची 'स्पायडरवेब' मोहीम आठवा. ट्रकांवरच्या लाकडी केबिनमधून ११७ ड्रोन उडाले, ओलेन्या आणि बेलायासारख्या दूरच्या तळांवर बॉम्बर पेटले. चित्रफितीत काही विमानांवर टायर दिसतातच की! बातम्यांनुसार युक्रेनमधल्या पोल्टाव्याच्या संग्रहालयातल्या जुन्या सोव्हिएत बॉम्बरचे फोटो वापरून विमानाच्या नाजूक जागा मॉडेलाला शिकवल्या होत्या.

गगनविहारी
अहो, ते ड्रोन माणसं चालवत होती, रशियाच्याच मोबाइल नेटवर्कवरून. एआय होतं ते सिग्नल तुटला तर सांभाळून घ्यायला. माणसाच्या डोळ्याला टायर फसवत नाहीत, हे मान्य. पण श्रेय मॉडेलाला का? शिवाय ४१ विमानांना फटका बसल्याचा दावा होता, उपग्रह फोटोंत त्याहून बरीच कमी दिसली.

आजोबा_नाशिक
तुम्ही दोघं टायरातच अडकलात. ६ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटवर पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानं आली, आपली विमानं उघड्यावर उभी होती आणि जागच्या जागी जळाली. तिथे कुठला संगणक होता? नंतर ब्लास्ट पेन (विमानाभोवतीचे संरक्षक आडोसे) बांधले, म्हणून १९७१ च्या ३ डिसेंबरला पाकिस्तानचा तोच डाव फुकट गेला. आधी छप्पर घाला.

खटपट्या
आजोबा, लढाऊ विमानाचं ठीक आहे हो. टीयू-९५ चे पंख ५० मीटर! एवढं काँक्रीटचं छप्पर किती तळांवर घालणार?

आजोबा_नाशिक
काँक्रीट नको तर जाळी टाका. छोट्या ड्रोनला तीही पुरते.

गगनविहारी
जाळीला +१. पण खटपट्या, तुमच्या 'फोटो शिकवा'त मेख आहे. अर्धवट झाकलेलं विमानही विमानच समज, असं मॉडेलाला सैल सोडलंत, तर एंगेल्सच्या डांबरावर रंगवलेल्या खोट्या विमानांवरही ते झडप घालेल.

खटपट्या
रंगाला उंची नसते. दोन कोनांतून पाहिलं की कळतं.

गगनविहारी
दोन कोनांतून पाहायला घिरटी मारावी लागते. तेवढा वेळ तळावरचे तोफवाले देतील?