शब्दचर्चा: इंग्रजी 'मिलियन' आणि चिनी विद्यार्थी

शंकासुर:
चिनी मातृभाषेच्या लोकांना इंग्रजीतला 'मिलियन' एवढा का अडतो? शब्दकोशात त्याला 'बायवान' असा सरळ प्रतिशब्द दिलेला असतो. तरीही बोलताना आकडा दहापटीने इकडेतिकडे होतो आणि 'टू मिलियन्स पीपल' अशी वाक्यंही ऐकू येतात. शिकवणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

दुभाष्या:
बायवान हा प्रतिशब्द बरोबर आहे, पण चिनीत ते वेगळं एकक नाही, अडतं ते तिथेच. बाय म्हणजे शंभर (उच्चार आपल्या 'पाय'च्या जवळ जातो) आणि वान म्हणजे दहा हजार. शंभर वान, म्हणून बायवान.

चिनी मोजणीत दर चार शून्यांनी नवं नाव येतं: एकावर चार शून्यं म्हणजे वान, आठ शून्यं म्हणजे यी. मधल्या पायऱ्यांसाठी वानच्याच आधी दहा, शंभर, हजार लावायचे. इंग्रजीत नवं नाव येतं तीन-तीन शून्यांनी: थाउजंड, मिलियन, बिलियन. २३४५६७८९ ही संख्या घ्या. चिनी माणूस ती २३४५ । ६७८९ अशी तोडतो आणि 'दोन हजार तीनशे पंचेचाळीस वान, सहा हजार सातशे एकोणनव्वद' असं वाचतो. इंग्रजीत ती २३,४५६,७८९ आणि आपल्याकडे २,३४,५६,७८९. गंमत अशी, की चीनमधल्या बँका आणि हिशेबाचे कागद स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवरच देतात. म्हणजे छापलेलं चिन्ह इंग्रजी पद्धतीचं आणि तोंडातलं वाचन चार आकड्यांचं. म्हणून उजवीकडून चार-चार आकडे सोडून पेन्सिलीने उभी रेघ मारायला लावणं ही पहिली पायरी. मग तीच संख्या खाली पुन्हा लिहून तीन-तीनवर स्वल्पविराम.

आकडेमोड:
मोठ्याने गुणाकार करायला लावू नका, बोलण्याच्या वेगात तो जमत नाही. शून्यं सरकवण्याचे चार नियम पुरतात.

१. शंभर वानपेक्षा कमी असेल तर एक शून्य जोडा आणि 'थाउजंड' म्हणा. ८ वान म्हणजे ८० थाउजंड, ६५ वान म्हणजे ६५० थाउजंड.
२. शंभर वान किंवा जास्त असेल तर दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे सरकवा आणि 'मिलियन' म्हणा. ३६५ वान म्हणजे ३.६५ मिलियन, १३५० वान म्हणजे १३.५ मिलियन.
३. दहा यीपेक्षा कमी असेल तर दशांशचिन्ह दोन घरं उजवीकडे आणि 'मिलियन'. ३.५ यी म्हणजे ३५० मिलियन.
४. दहा यी आणि पुढे दशांशचिन्ह एक घर डावीकडे आणि 'बिलियन'.

सगळ्यात महाग चूक चौथ्या नियमाजवळ होते. यी हे मोठं एकक, बिलियन हेही मोठं एकक, म्हणून दोन्ही एकच समजले जातात. २०२० च्या जनगणनेत मुख्यभूमी चीनची लोकसंख्या १४ यी ११७७ वान आणि वर काही हजार होती. तिचं इंग्रजी १.४१ बिलियन. घाईत 'फोर्टीन बिलियन' निघून जातं आणि ऐकणारा चक्रावतो.

उलट दिशेने ऐकताना, म्हणजे मिलियनवरून चिनीत जाताना, दोन शून्यं जोडून वान म्हणायचं: २७ मिलियन म्हणजे २७०० वान. मिलियनचा आकडा शंभर किंवा वर गेला की शंभराने भागून यी: २७० मिलियन म्हणजे २.७ यी.

चिनी पुरवठादाराशी बोलणाऱ्या मराठी माणसाने एवढं लक्षात ठेवावं: १० वान म्हणजे लाख, १००० वान म्हणजे कोटी, १ यी म्हणजे दहा कोटी, १० यी म्हणजे अब्ज. आपणही कोटीला पटकन 'मिलियन' म्हणून जातो, तेव्हा हसण्यात अर्थ नाही. व्यवहारात वान आणि मिलियन दोन्ही टाळून पूर्ण आकडा अंकांत लिहून घ्यावा.

कानामात्रा:
'टू मिलियन्स पीपल'बद्दल. चिनी नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, म्हणून विद्यार्थी आधी 'एस' विसरतो. मग कोणीतरी टोकतं आणि तो दिसेल तिथे 'एस' लावतो. नियम असा: मिलियनच्या आधी नेमकी संख्या असेल तर 'एस' नाही आणि 'ऑफ'ही नाही, पण मोजलेलं नाम अनेकवचनात. टू मिलियन पीपल, फाइव्ह मिलियन डॉलर्स. नेमकी संख्या नसेल तर दोन्ही हवेत: मिलियन्स ऑफ पीपल. 'फाइव्ह मिलियन ऑफ डॉलर्स' चूक, पण 'फाइव्ह मिलियन ऑफ दीज डॉलर्स' बरोबर, कारण तिथे एका ठरावीक गटातला भाग सांगायचा असतो.

रक्कम एकगठ्ठा असेल तर क्रियापद एकवचनी: 'फाइव्ह मिलियन डॉलर्स इज अ लॉट'. माणसं असतील तर 'आर'.

'अ मिलियन' आणि 'वन मिलियन' यांतही फरक आहे. गप्पांत 'अ', नेमकेपणा किंवा ठसका हवा तिथे 'वन'. चिनीत दोन्हींना 'यी बायवान'. इथला यी म्हणजे 'एक'; सुटा उच्चारला तर त्याचा स्वर, म्हणजे उच्चाराचा चढउतार, सपाट असतो, पण बायच्या आधी तोही खाली पडतो. वरचं एकक असलेला यी नेहमीच वरून खाली पडणाऱ्या स्वराचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मराठीत टिपणं काढणाऱ्याने ते वेगळे खुणावावेत. पन्नास वानसाठी 'हाफ अ मिलियन' म्हणताना मधला 'अ' हमखास गळतो.

शंकासुर:
अंदाजे संख्यांचं काय? 'मिलियन्स' म्हणजे नेमके किती?

दुभाष्या:
चिनीत 'काही' या अर्थाचा 'जी' एककाच्या आधी बसतो, आणि तेच एकक इंग्रजीत कुठे पडतं ते पाठच करावं लागतं. जी वान: टेन्स ऑफ थाउजंड्स. जी श (दहा) वान: हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स. जी बाय वान: मिलियन्स. जी छ्येन (हजार) वान: टेन्स ऑफ मिलियन्स. या चार जोड्या तोंडपाठ असल्या की बातम्या ऐकताना अडखळायला होत नाही.

अतिशयोक्तीत मात्र शब्दशः जाऊ नये. इंग्रजी 'वन इन अ मिलियन' म्हणजे लाखात एक. चिनीत तेच 'वान ली थ्याव यी', दहा हजारांतून निवडलेला एक. पण 'वान-यी', शब्दशः दहा हजारांत एक, याचा अर्थ 'चुकून तसं झालंच तर'. आणि छ्येनवान म्हणजे एरवी एक कोटी, पण 'छ्येनवान ब्ये' असं आलं की 'अजिबात नको, मुळीच करू नकोस'. यंत्राने केलेल्या भाषांतरात कधी तिथे 'टेन मिलियन' उगवतं.

आकडेमोड:
लिखाणातल्या संक्षेपांचीही एक ठेच. चिनी मजकुरात आकड्यापुढे रोमन 'डब्ल्यू' दिसला तर तो वानचा: ३ डब्ल्यू म्हणजे तीस हजार. नोकरीच्या जाहिरातीत १५ के म्हणजे पंधरा हजार. इंग्रजीत 'एम' बहुतेक वेळा मिलियन, पण काही अमेरिकी हिशेबांत तो रोमन हजार असतो आणि मिलियनसाठी दोन एम लिहितात, हजार गुणिले हजार. शीर्षकात एकक कोणतं दिलंय ते पाहिल्याशिवाय वाचू नये.

'चाओ' या शब्दाचीही तीच गत. मुख्यभूमी चीनमध्ये मेगाहर्ट्झमधल्या 'मेगा'ला चाओ म्हणतात, म्हणजे मिलियनच. तैवानमध्ये चाओ म्हणजे एकावर बारा शून्यं. मुख्यभूमीत त्या संख्येला 'वानयी' (दहा हजार यी) म्हणतात, इंग्रजीत ट्रिलियन. तैवानच्या अर्थसंकल्पावरचा लेख वाचताना चाओ दिसला, तर मिलियन समजू नका.