लग्नाची डीव्हीडी करायला कुठलं सॉफ्टवेअर?

विश्रामबागवाला: ताईच्या लग्नाचं शूटिंग एमपी४ मधे आहे, पण कवलापूरला आजीकडं जुना डीव्हीडी प्लेअरच आहे, त्यावर चालंल अशी मेनूवाली डिस्क घरच्या विंडोज १० वर करायचीय. नीरो (डिस्क बनवायचं विकतचं सॉफ्टवेअर) घेऊ का फुकटातलं चालंल?

मिरजकर: नुसती फाईल डिस्कवर टाकू नका राव, जुन्या प्लेअरला एमपेग-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार) लागतं. डीव्हीडीस्टायलर फुकट आहे, मेनूपण होतो, फक्त त्यात PAL (आपल्याकडची टीव्ही पद्धत) निवडा, चित्राचा आकार ७२०×५७६. वेळ लई खातं, रात्री लावून झोपा.

कृष्णाकाठ: +१, एका लग्नासाठी पैसे कशाला. पण शूटिंग किती तासांचं हाय? एका डिस्कच्या ४.७ जीबीत दोनेक तास बरं दिसतं, चार कोंबले तर चेहरे फुटणार. आधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाईल) करून तपासा, मग इमगबर्न (ImgBurn) या सॉफ्टवेअरनं डिस्कवर राईट.

विश्रामबागवाला: साडेतीन तास. वरात कापली तर दाजी रुसतील, दोन डिस्क करतो.