फ्लायओव्हर बांधून झालेत की, विद्यापीठ चौक बघा

रस्ते रुंद करा, फ्लायओव्हर वाढवा म्हणजे पुण्याचं ट्रॅफिक सुटेल, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. विद्यापीठ चौकात फ्लायओव्हर होते तरी कोंडी व्हायचीच, आणि शेवटी 2020 ला मेट्रोसाठी तेच पाडले, आता तिथे परत दुमजली पूल. रस्ता मोकळा दिसला की आधी बसने जाणारा माणूसही गाडी बाहेर काढतो, मग थोड्याच वर्षांत पुन्हा जैसे थे.

आणि बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव लेन, फेल गेली म्हणून बस नकोच, हे तर फारच चुकीचं. 2006 ला कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर आपण ती सुरू केली, अहमदाबादच्याही आधी, पण बसच्या लेनमध्ये टू-व्हीलर आणि कार घुसत राहिल्या, मधे मधे लेन तुटलेली, मग बस वेगाने जाणार कशी सांगा ना! एका कारमध्ये एकच जण बसलेला असतो आणि बसमध्ये पन्नास-साठ, तरी जागा कोणाला द्यायची यावर आपण भांडतोय.

मेट्रो मी वापरते, छान आहे, पण स्टेशनाबाहेर आलं की फूटपाथवर गाड्या लावलेल्या, बसची वाट बघत उभं राहायचं, आणि जवळचं भाडं रिक्षावाले घेत नाहीत. आधी हे नीट करा, बस वाढवा आणि रस्त्यावरचं फुकट पार्किंग बंद करा. पे अँड पार्कचं धोरण पालिकेने 2018 लाच मंजूर केलंय, नवीन काही शोधायची गरज नाहीये.